गाऱ्हाणे आमचे, कागद साहेबाचा!



गावात बलुतेदाराचे गाऱ्हाणे पाटलाच्या चावडीवर जात असे. चावडीवर न्याय कसा होई हे आम्ही तुम्हाला सांगावे असे नाही. तुमच्या आज्यापणज्यांनी तो पाठीवर सोसला आहे. पण चावडीची एक गोष्ट होती. गाऱ्हाणे सांगणारा तेथे उभा असे, ज्याच्याविरुद्ध सांगायचे तोही उभा असे, आणि पाटलाने न्याय बुडवला तर तो साऱ्या गावादेखत बुडवला असे. आता चावडी गेली आणि कचेरी आली. कचेरीत न्याय बुडतो तो बंद दाराआड, टाचणी लावलेल्या कागदात. आणि ज्याचा बुडाला त्याला ते वर्ष वर्ष कळतही नाही.

हे लिहिण्याचे निमित्त असे की, मागे मुलुंडला राहणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. मातंग समाजाचे, मूळचे कराडकडचे, उपनगरातल्या एका कचेरीत पंचवीस वर्षे शिपाईगिरी करून आता निवृत्तीला टेकलेले. कचेरीत साहेबाच्या टेबलावरचा तांब्या ह्यांनी भरायचा नाही, दुसऱ्या शिपायाने भरायचा, असा रिवाज चालू होता. इतकी वर्षे गप्प बसलेल्या ह्या माणसाने एकदा धीर करून वरच्या अंमलदाराकडे तक्रार दिली. दीड महिन्याने त्यांच्या हाती एक टंकलिखित कागद आला. त्यात लिहिले होते की, "सदरहू तक्रार माझ्याकडून गैरसमजुतीने व भावनेच्या भरात झाली असून मी ती स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय मागे घेत आहे." खाली ह्यांची सही.

आम्ही विचारले, "दादा, हा मजकूर तुम्ही लिहिलात का?"

"मी कुठला लिवतोय, मास्तर! त्यांनीच छापून आनला हुता. म्हनले, सही कर, मंजी तुझ्या पेन्शनीचं कागद अडायचं न्हाईत."

"मग कोणत्याही दबावाशिवाय असे कसे लिहिले?"

"त्ये आधीच लिवल्यालं हुतं."

वाचकहो, ह्या चार शब्दांत सगळे प्रकरण आले. दबाव नाही हे दबाव आणण्याच्या आधीच छापून ठेवलेले असते! माणसाची तक्रार त्याच्या स्वतःच्या बोलीत असते, म्हणून तिच्यात व्याकरणाच्या चुका असतात. तक्रार मागे घेण्याचा अर्ज मात्र नेहमी शुद्ध असतो. आमच्या शिपायाला एका रात्रीत 'गैरसमजुतीने' हा शब्द कोणत्या शाळेत शिकवला, हे कोणी विचारीत नाही. कचेरीच्या दप्तरात मात्र प्रकरण निकालात निघते, आणि पुढल्या साली वर अहवाल जातो की आमच्याकडे जातिभेदाची एकही तक्रार शिल्लक नाही.

कोणी म्हणेल, हा लहान माणसाचा लहान मामला झाला. शिकलेल्याच्या वाटेला कोण जातो? तर आता मोठ्या माणसाचे ऐका. मुलुंड आणि अंधेरी यांच्यामध्ये पवईच्या तळ्याकाठी १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी आहे. आमच्या पैकी कोणाच्या मुलाचे नाव तेथल्या यादीत लागले तर गावात पेढे वाटतात. ह्याच संस्थेत शिकून अमेरिकेत गेलेला एक दलित अभियंता कॅलिफोर्नियातील सिस्को नावाच्या बड्या कंपनीत कामाला होता. त्याचा वरिष्ठही पवईचाच विद्यार्थी. त्या वरिष्ठाने इतर सहकाऱ्यांना सांगितले की हा आरक्षणाच्या यादीतून आलेला आहे, मुख्य यादीतला नव्हे. आणि त्याची दाद मागितल्यावर आपले काम व बढती हिरावली गेली, असे त्या अभियंत्याचे म्हणणे. २०१६ साली त्याने कंपनीच्या खात्याकडे तक्रार दिली. कंपनीने आपली आपणच चौकशी केली, आणि जातीवरून भेद करणे हे काही बेकायदा नव्हे असे तिच्या माणसांनी ठरवले, असे पुढे सरकारी फिर्यादीत नमूद झाले. पाहा, बंधूंनो, सात समुद्र ओलांडले तरी जात पासपोर्टावर शिक्का न मारता उतरते!

ह्या माणसाचे गाऱ्हाणे मग कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने हाती घेतले. ह्या खात्याला आता नागरी हक्क खाते म्हणतात. ३० जून २०२० रोजी खात्याने कंपनी व दोन वरिष्ठ अभियंते यांच्यावर तेथल्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. अमेरिकेच्या कायद्यात 'जात' हा शब्दच नव्हता. वंश, धर्म, कुळ अशा शब्दांतून जातीला आत घ्यावे लागले. जगभर गाजावाजा झाला. काही महिन्यांनी खात्याने तो दावा तेथून काढून घेतला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या सांता क्लारा परगण्यातील न्यायालयात नव्याने लावला. आरोप दोघा अभियंत्यांना मान्य नव्हता. त्यांच्यातला एक तर म्हणत होता की ह्या माणसाला मीच नोकरीवर आणले. झगडा वर्षानुवर्षे चालला. आणि एप्रिल २०२३ मध्ये खात्याने त्या दोघांवरचे आरोप आपण होऊन मागे घेतले. कंपनीवरचा दावा तेवढा त्या वेळी चालू ठेवला.

लावला कोणी? खात्याने. काढला कोणी? खात्याने. ज्याची मान खाली गेली तो माणूस ह्या खटल्यात वादी नव्हताच! कागदोपत्री त्याला नावही नव्हते. आपल्याकडे 'अमका तमका' म्हणतात तसे एक खोटे नाव त्याला दिले होते. ह्या नावावरूनही मोठा वाद झाला. कंपनी म्हणे, खरे नाव सांगा. खालच्या न्यायालयाने नाव झाकण्यास नकार दिला, तेव्हा वरच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले की, नाव फुटले तर त्याच्या घरच्या माणसांना, मग ती कोठेही असोत, काय सोसावे लागेल याचाही विचार झाला पाहिजे. अमेरिकेतल्या न्यायाधीशालाही उमगले की ह्या खटल्याचा मार इकडच्या एखाद्या घराच्या उंबऱ्यावर पडू शकतो. आमच्याकडच्या किती कचेऱ्यांना हे उमगते?

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने दुसरा निवाडा दिला. नोकरीला लागताना कामगाराकडून कंपन्या सही घेतात की, भांडण झाले तर न्यायालयात जाणार नाही, खाजगी लवादापुढे जाऊ. कंपनी म्हणाली, दावा तिकडे पाठवा. न्यायालय म्हणाले, सही कामगाराची आहे, खात्याची नव्हे. खाते आपल्या नावाने, आपल्या अधिकाराने उभे आहे. हा निवाडा चांगला आहे, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण त्याची दुसरी बाजू पाहा. खाते आपल्या अधिकाराने उभे राहते, म्हणून ते आपल्या अधिकाराने बसतेही. गाऱ्हाणे सरकारच्या ओटीत घातले की लवादाच्या कचाट्यातून सुटते. पण ते मग आपले राहत नाही.

आता आमच्यावर उलटा आरोप होईल, म्हणून सांगून टाकतो. त्या दोघा अभियंत्यांनी गुन्हा केला होता की नव्हता हे आम्ही येथे बसून ठरवीत नाही. निरपराध माणसावर सरकारी आरोप लागला असेल तर तो मागे घेतलाच पाहिजे, तो ब्राह्मण असो की मराठा असो की कोणी असो. सत्यशोधकाला ह्यात दुसरे मत असण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे इतकेच की, कारण उघड सांगा. पुरावा नव्हता म्हणून काढले? माणसे चुकीची धरली होती म्हणून काढले? की बड्या वकिलांची फौज पाहून काढले? कारण न सांगता आरोप काढला की दोघेही बुडतात. ज्याच्यावर आरोप होता त्याची अब्रू धुऊन निघत नाही, आणि ज्याने गाऱ्हाणे सांगितले तो जन्मभर खोटारडा ठरतो. मजेत राहतो तो मधला अंमलदार, ज्याने एकदा सही करून लावले आणि एकदा सही करून काढले.

पुढे काय झाले तेही ऐका. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक संमत केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते परत फिरवले. म्हणाले, आहे तो कायदा पुरेसा आहे. आणि पवईतल्या खुद्द त्या संस्थेने जुलै २०२३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना लेखी बजावले की कोणी कोणाला प्रवेशपरीक्षेतला क्रमांक किंवा जात विचारू नये. ही सूचना काढावी लागली ती त्याच साली फेब्रुवारीत अठरा वर्षांच्या एका दलित मुलाने तेथे जीव गमावल्यानंतर, आणि संस्थेच्या स्वतःच्या चौकशी समितीला जातिभेदाचा पुरावा न सापडल्यानंतर. समितीला जे सापडले नाही त्याला बंदी करण्याची सूचना मात्र सापडली!

अमेरिकेचे पुरे. आता कराडला चला, कारण साऱ्या देशाला हादरवणारे प्रकरण तेथल्या एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालातून निघाले, हे आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

कराडच्या सरकारी औषधनिर्माण महाविद्यालयात अनुसूचित जातीचे एक भांडारपाल होते. त्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालात दोन वरिष्ठांनी शेरा मारला की ह्यांची सचोटी व वर्तणूक चांगली नाही. हा शेरा जातीच्या आकसाने मारला, असे भांडारपालांचे म्हणणे. आणि ४ जानेवारी २००६ रोजी त्यांनी कराड पोलिसांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद नोंदवली. वरिष्ठ पडले सरकारी अंमलदार. अंमलदारावर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. ती मंजुरी तपासी पोलीस अधिकाऱ्याने कधी मागितली? २१ डिसेंबर २०१० रोजी! आणि नाकारली कधी? २० जानेवारी २०११ रोजी! मागायला जवळजवळ पाच वर्षे आणि नाकारायला एक महिना. आमच्या कुणब्याच्या सातबाऱ्यावरची नोंद इतक्या चपळाईने झाली असती तर आम्ही तलाठ्याला पालखीत बसवले असते.

मंजुरी नाकारली तंत्रशिक्षण संचालकांनी. ती नाकारल्यामुळे पोलिसांनी 'सी समरी' दिली, ती न्यायालयाने मान्य केली नाही. फिर्यादी म्हणाले, ते दोघे वर्ग एकचे अधिकारी. त्यांच्याबाबत मंजुरी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार राज्य सरकारचा, संचालकांचा नव्हे. आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी संचालकांवरच फिर्याद केली. उच्च न्यायालयाने ती रद्द करण्यास २०१७ मध्ये नकार दिला. प्रकरण दिल्लीला गेले, आणि डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र सरकार या नावाने २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा झाला. संचालकांवरची फिर्याद न्यायालयाने रद्द केली. तेवढेच केले असते तर आम्हाला इतके बोलायचे कारण नव्हते. पण न्यायालयाने त्याबरोबर साऱ्या देशासाठी नवे नियम घालून दिले: ह्या कायद्याखाली सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्या वरिष्ठाची लेखी परवानगी हवी, इतरांना अटक करायची तर पोलीस अधीक्षकाची हवी, आणि गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल. म्हणजे ज्या वरिष्ठाच्या मंजुरीपायी कराडचे प्रकरण अडले, त्याच वरिष्ठाच्या दाराशी देशातले प्रत्येक प्रकरण नेऊन उभे केले!

२ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला आणि उत्तरेकडे माणसांचे प्राण गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले: गुन्हा नोंदण्यास प्राथमिक चौकशी नको, अटकेला वरिष्ठाची परवानगी नको. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले ते नियम परत घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरवले. एका शेऱ्यावरून चौदा वर्षे! इतक्या काळात मूळचा प्रश्न, म्हणजे शेरा आकसाने मारला होता की नव्हता, हा साक्षीपुराव्याने कोठे तपासलाच गेला नाही. हत्ती गेला, शेपूट गेले, आणि ज्याच्या शेतात हत्ती शिरला त्याला कोणी विचारले नाही.

'समरी' म्हणजे काय हे घरोघर कळले पाहिजे, कारण आमच्या महाराष्ट्रात प्रकरणे बुडतात ती बहुतेक ह्याच डोहात. पोलीस तपास संपवून न्यायालयाला तीन तऱ्हेने सांगू शकतात की खटला चालवायचा नाही. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडत नाही. 'बी' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'सी' म्हणजे धड खरी नाही, धड खोटी नाही, गैरसमजाची. 'बी' फार विखारी. ती मान्य झाली तर उलट फिर्यादीवरच खोटी फिर्याद केल्याचा खटला येऊ शकतो, आणि ह्याचा धाक घालूनच कित्येकांना 'सी'वर राजी करतात. पण बंधूंनो, समरी ही पोलिसांची विनंती आहे, निकाल नव्हे! निकाल न्यायाधीशाचा. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली भगवंत सिंग यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की, समरी मान्य करण्याआधी मूळ फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे ऐकले पाहिजे. ही नोटीस चाळीच्या दारावर येते तेव्हा आमचा माणूस कामावर असतो, बायको म्हणते कोर्टाचा कागद आहे, आणि भिऊन तो ट्रंकेत जातो. तो ट्रंकेत गेला की खटला थडग्यात गेला.

दुसरे असे की, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा फिर्यादीला आपसात मिटवता येत नाही. 'तक्रार मागे घेतो' ह्या कागदाने फौजदारी खटला संपत नाही. उच्च न्यायालय तो विशेष कारणाने रद्द करू शकते. पण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बजावले आहे की, अशा वेळी तडजोड दबावाने तर झाली नाही ना हे कसून पाहावे. म्हणून मुलुंडच्या आमच्या दादांसारखा कागद पुढे आला की विचारा: ही खात्यातली तक्रार की पोलिसातली? खात्यातली असेल तर साहेब ती गिळू शकतो. पोलिसातली असेल तर गिळता गिळता त्याच्या घशात अडकेल.

सरकारी वकिलानेही खटला काढून घेण्याची सोय कायद्यात आहे, मात्र न्यायालयाच्या संमतीने. १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम ३६० मध्ये एक चांगली गोष्ट आली: पीडिताचे ऐकून घेतल्याशिवाय न्यायालयाने अशी संमती द्यायची नाही. तसेच कलम २१८ मध्ये म्हटले आहे की, अंमलदारावरील खटल्याच्या मंजुरीचा निर्णय सरकारने १२० दिवसांत करावा. न केल्यास मंजुरी मिळाली असे समजावे. नव्या संहितेतल्या पुष्कळ गोष्टी आम्हाला पसंत नाहीत, पण चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. तथापि ह्यातही एक भोक आहे. मंजुरी द्यायला १२० दिवसांची मुदत आहे. पोलिसाने ती मागायला मुदत कोठे आहे? कराडला पाच वर्षे गेली ती मागण्यातच ना!

वकील काढून घेतला तर काय, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. जळगावकडची तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी नायर रुग्णालयात मरण पावली. तिला जातीवरून छळले असा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवला गेला, आणि मार्च २०२५ मध्ये, खटला उभा राहण्याच्या बेतात असताना, सरकारने विशेष सरकारी वकीलच बदलला. त्याआधी थोडेच दिवस त्या वकिलाच्या अर्जावरून आणखी एका वरिष्ठाला आरोपी करण्याचा हुकूम विशेष न्यायालयाने दिला होता. मुलीच्या आईने ह्या बदलाला विरोध केला. सहा वर्षे ज्या आईने खटल्याच्या तारखा मोजल्या, तिला वकील बदलण्याआधी विचारावे असे कोणाला वाटले नाही.

आता आमच्या घरात डोकावतो. राग आला तर येऊ द्या. ही सगळी भटशाहीची करणी म्हणून हात झटकणे सोपे आहे, आणि आमच्यातले पुष्कळ पुढारी तेच करतात. पण मुलुंडच्या दादांच्या कचेरीतला साहेब कोणत्या जातीचा होता? आमच्याच, कुणब्याच्या पोटचा, आरक्षणाच्या नाही तरी शाहूमहाराजांच्या पुण्याईने शिकलेला. मुंबईच्या गिरण्यांत विणकामखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या उष्ट्याचा विटाळ होई, डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हे गाऱ्हाणे कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडले. तो मज्जाव करणारे विणकर कोण होते? आमचेच मराठे-कुणबी भाऊबंद. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांची गोष्ट अजून सांगतात. राजवाड्याच्या पागेतल्या ह्या नोकराने मराठे नोकरांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांनी त्याला मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, गंगारामाला चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. मंजुरी मागितली नाही, समरी झाली नाही. आज राजा नाही, आणि नसावा हेच बरे. पण राजाचे काम ज्या अंमलदारावर आले आहे तो चहा प्यायला कधी जाणार?

सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट या आमच्या कारागीर बंधूंचे तर आणखी अवघड आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती व जमातींपुरता. 'अरे न्हाव्या' म्हणून कचेरीत हाक मारली तर त्याला हा कायदा नाही. २०१८ च्या घटनादुरुस्तीने मागासवर्ग आयोगाला तक्रारी चौकशीला घेण्याचा अधिकार मिळाला, तेवढाच आधार. आणि अंधेरीच्या कारखान्यात, बोरिवलीच्या दुकानात, घाटकोपरच्या खाजगी हपिसात जातीवरून बढती अडवली तर? घटनेचे १६ वे कलम सरकारी नोकरीपुरते. खाजगी मालकाने जातीवरून भेद करू नये असा सर्वांना लागू पडणारा स्वतंत्र कायदा ह्या देशात नाही! सिएटलला आहे, घाटकोपरला नाही. आणि जेथे कायदा आहे तेथेही जागा पाहावी लागते. अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' झाला पाहिजे असे ह्या कायद्याचे कलम म्हणते. तामिळनाडूत एका महसूल निरीक्षकाला त्याच्या कचेरीतच जातीवरून शिवी दिली असे प्रकरण होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेले हे बोलणे त्या कलमात बसत नाही, आणि खटला रद्द केला. कायद्याचा अर्थ न्यायालयाने सांगितला, तो आम्ही वाचतो. पण नोकरीतला अपमान होतो तो कोठे? भर बाजारात? तो साहेबाच्या खोलीतच होतो, दार लावून होतो, आणि दार लावतो तोही साहेबच!

शहाणपणाची वाट एकाच ठिकाणी थोडी दिसते. स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ चा जो कायदा आहे, त्यात समेट फक्त तक्रार करणाऱ्या बाईनेच मागितला तर होतो, समिती आपण होऊन घडवू शकत नाही, आणि पैसे देऊन समेट करता येत नाही. जातीच्या गाऱ्हाण्याला खात्यात इतके तरी कुंपण घालायला काय हरकत आहे? तक्रार मागे घेण्याचा जबाब साहेबासमोर नव्हे, त्या खात्याबाहेरच्या माणसासमोर, तक्रारदाराच्या स्वतःच्या शब्दांत, त्याला वाचून दाखवून घ्यावा; आणि तक्रार बंद केली तर का केली याचे कारण त्याच्या हाती लेखी द्यावे. आमदार-खासदारांना मत देताना आम्ही गटाराचे आणि नळाचे विचारतो, हेही विचारा.

तोवर आपल्या हाती आहे ते तरी सोडू नका. फिर्याद तोंडी सांगितली तरी पोलिसाने ती लिहून, वाचून दाखवून, नक्कल फुकट दिली पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमात ते त्याचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे, आणि न केल्यास अंमलदाराला शिक्षा सांगितली आहे. त्याच कायद्याच्या १५-अ कलमाने जामिनापासून निकालापर्यंत प्रत्येक वेळी तुमचे ऐकले जाण्याचा हक्क आहे. सरकारी वकिलावर भरवसा नसेल तर चांगला वकील मागण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करता येतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या साऱ्यांना ती कचेरी वांद्र्याला पूर्वेस आहे. सरकारी नोकरीत असाल तर गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा तुम्हाला कळवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निवाडा आहे. दर साली मागून घ्या, सेवा संपताना नव्हे. आणि टंकलिखित कागदावर सही मागितली तर म्हणा, घरी नेऊन वाचतो. साहेबाला घाई असेल, तुम्हाला नाही.

सर्वांत मोठी गोष्ट एकट्याने जाऊ नये ही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्यांचा अर्ज केला तो साडेपाच हजार सह्यांनिशी. एका माणसाला खोलीत बोलावून पेन्शनीचा धाक घालता येतो. साडेपाच हजारांना बसवण्याइतकी खोली अजून कोणत्या साहेबाने बांधलेली नाही. मुलुंडच्या दादांबरोबर त्या कचेरीतले दोन शिपाई जरी सही करते, तरी तो शुद्ध मराठीतला कागद छापायला कोणी धजले नसते. त्या दोघांपैकी एक, म्हणजे तांब्या भरणारा, हा आमचा वाचक आहे. तो हे वाचील.

ज्यांच्याजवळ अशी समरीची नोटीस, मंजुरी नाकारल्याचा हुकूम किंवा 'स्वखुशीने' मागे घेतलेल्या तक्रारीचा कागद असेल त्यांनी त्याची नक्कल आमच्याकडे पाठवावी. नाव, गाव, कचेरी काही छापणार नाही. मूळ कागद मात्र आमच्याकडेही देऊ नये. तो घरीच ठेवावा, आणि कोठे ठेवला आहे ते घरातल्या बाईमाणसाला सांगून ठेवावे.